एक्झोम रिपोर्टमधलं 'अनिश्चित' चार वर्षांनी कसं सुटलं

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं मी इथे वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला आहे, पण तुकड्यातुकड्यांत लिहायला पुन्हा बळ येईल की नाही माहीत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आम्ही कऱ्हाडजवळचे. मुलगा आता साडेसात वर्षांचा आहे, इथे त्याला बाळच म्हणते. मान उशिरा धरली, दीड वर्षाचा झाल्यावर बसायला लागला, पहिलं पाऊल पाचव्या वर्षी टाकलं, तेही माझा हात धरून. शब्द चार-पाचच: मम, आजी, गाडी, नको. एमआरआय झाला, थायरॉईड झालं, रक्तातलं अमोनिया आणि बाकीचंही सगळं तपासून झालं. प्रत्येक कागदावर 'नॉर्मल'. शेवटी २०२१ मध्ये पुण्याच्या डॉक्टरांनी एक्झोम (रक्तातून जनुकं वाचण्याची तपासणी) करायला सांगितली. तिघांचं रक्त घेतलं, जांभळ्या बुचाच्या तीन छोट्या नळ्या. सात आठवड्यांनी अकरा पानांचा रिपोर्ट आला. पहिल्याच पानावर चौकट, चौकटीत एका जनुकाचं नाव आणि शेजारी 'व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स'. म्हणजे बदल सापडलाय, पण आजार त्यानेच झालाय का ते सांगता येत नाही. (जनुकाचं नाव इथे लिहीत नाही. जगात इतकी कमी मुलं आहेत की नावावरून बाळ ओळखू येईल.)

आमचं लग्न नात्यातलं. माझ्या सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या. बाळाला तोच बदल दोन्हीकडून आलाय, आई-वडील दोघंही वाहक (स्वतःला त्रास नाही, पण बदल मुलांत जाऊ शकतो) आहेत, असं रिपोर्टमध्ये होतं. आत्याने कागद हातात घेतलाच नाही. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "म्हणजे माझंच चुकलं." पुढे स्वारगेटपर्यंत कुणी काही बोललं नाही.

या 'सांगता येत नाही'ने आमचं काय अडलं, तर दुसरं मूल. आई-वडील दोघं वाहक असले तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता असते. पण तोच बदल दोषी आहे हे नक्की नसताना गर्भात त्याची तपासणी करून निर्णय घेता येत नाही, घेऊही नये, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्यांचं बरोबर होतं. आम्ही थांबलो, चार वर्षं.

मधल्या काळात पुण्याच्या डॉक्टरांकडच्या काउन्सेलर ताईंनी एक दोन पानी संमतीपत्र पुढे केलं. बाळाचं नाव-गाव न देता फक्त जनुकाचं नाव आणि लक्षणं 'जीनमॅचर' नावाच्या नोंदवहीत टाकायची. मी सही केली आणि विसरले. या फेब्रुवारीत ताईंचा फोन आला. त्याच जनुकात दोन्हीकडून बदल असलेली आणखी मुलं सापडली होती: एक तुर्कस्तानात, एक नेदरलँड्समध्ये आणि दोन सख्खी भावंडं पाकिस्तानात. चौघांचीही मान उशिरा धरलेली, चौघंही मोजकंच बोलणारी. ताईंनी विचारलं, "बाळाची झोप कशी आहे हो?" बाळ रात्री अडीच-तीनला उठतो आणि अंधारात एकटाच खुदुखुदु हसत बसतो. आम्ही हे कधी कुठल्या डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, त्यात काय सांगायचं! तिकडच्या दोन कुटुंबांच्या नोंदीत ते लिहिलेलं होतं.

मी फोन कानाला तसाच धरून ओट्याला टेकून उभी राहिले.

नंतर नेदरलँड्सच्या गटाने पेशींवर प्रयोग केले, सगळा पुरावा एकत्र झाला आणि मे महिन्यात नवा रिपोर्ट आला. आता चौकटीत 'बहुधा रोगकारक' आहे. औषध नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण त्या मुलांमध्ये मोठं झाल्यावर फिट्स सुरू झाल्या होत्या म्हणून बाळाचा ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) काढला, आणि त्यात खरंच काही दिसलं. गोळ्या वेळेत सुरू झाल्या.

हे लिहायचं कारण असं की "आपली माहिती परदेशात कशाला पाठवायची" हे मी घरीदारी फार ऐकलं. कुणाला असा अनुभव आहे का? आणि ज्यांना यातलं कळतं त्यांनी हे सगळं चालतं कसं ते सांगावं, माझ्या डोक्यात अजून बरंच धूसर आहे.

वाटाड्या

ताई, शेवटपर्यंत श्वास रोखून वाचलं. बाळाला खूप आशीर्वाद. एक अगदी प्राथमिक प्रश्न: जनुकात बदल दिसतोय, मग तो वाईट आहे की नाही हे लॅबला का कळत नाही? एवढी यंत्रं आहेत ना?

शेवंती

@वाटाड्या, मी मुंबईत जेनेटिक काउन्सेलर आहे (ताईंच्या केसशी संबंध नाही). हा प्रश्न मला रोज विचारला जातो.

यंत्र फक्त अक्षरं वाचतं. आपल्या जनुकसंचात तीन अब्जांच्या आसपास अक्षरं असतात, त्यातला प्रथिनं बनवणाऱ्या सुमारे वीस हजार जनुकांचा भाग म्हणजे एक्झोम. जेवढं म्हणून वाचलं जातं त्यात तुलनेसाठी वापरतात त्या संदर्भप्रतीपेक्षा वेगळी अशी हजारो अक्षरं तुमच्यातही निघतील, माझ्यातही. बहुतेक सगळी निरुपद्रवी. त्यातलं दोषी कोणतं हे ठरवायला साक्षीदार लागतात, आणि साक्षीदार म्हणजे इतर माणसं.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या दोन व्यावसायिक संस्थांनी पाच पायऱ्या ठरवल्या: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. आज जगभरातल्या लॅब साधारण त्याच वापरतात, आपल्याकडच्याही. म्हणून पुण्याचा रिपोर्ट अंकारातल्या डॉक्टरला वाचता येतो. पायरी ठरवताना दोन गोष्टी सगळ्यात आधी बघतात. हाच बदल निरोगी लोकांत किती जणांना आहे? आणि अशीच लक्षणं असलेल्या दुसऱ्या रुग्णात तो किंवा त्याच जनुकातला दुसरा बदल सापडलाय का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कृष्णाकाठ यांना चार वर्षांनी मिळालं. पहिल्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपलं घोडं तिथेच अडतं.

निरोगी लोकांत बघायचं म्हणजे नोमॅड नावाचा साठा उघडायचा. २०२३ च्या आवृत्तीत त्यात ८ लाखांहून जास्त लोकांची माहिती आहे. दक्षिण आशियाई त्यात ४५ हजारांच्या आसपास. जगात दर चौथा माणूस आपल्या भागातला, आणि तिथे अठरात जेमतेम एक. त्यातही सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये दक्षिण आशियाई म्हणून जे नमुने होते त्यांचा मोठा वाटा पाकिस्तानातल्या एका हृदयविकार अभ्यासाचा होता. वर्षानुवर्षं मी मराठी कुटुंबांचे रिपोर्ट वाचताना खरं तर तिथल्या लोकांशी ताडून बघत होते.

याने नुकसान कसं होतं? २०१६ मध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजाराबद्दल अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही कृष्णवर्णीय रुग्णांना 'तुमच्यात रोगकारक बदल आहे' असं सांगितलं गेलं होतं. पुढे लक्षात आलं की ते बदल कृष्णवर्णीय लोकांत सर्रास आढळतात, निरुपद्रवी आहेत. मूळ तुलनेत थोडे जरी कृष्णवर्णीय लोक घेतले असते तरी ही चूक टळली असती.

आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभागाच्या 'जीनोम इंडिया'तून १० हजार भारतीयांचे जनुकसंच वाचून झाले. जानेवारी २०२५ पासून ती माहिती फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांना अर्ज करून मिळते. त्याआधी २०१९ मध्ये सीएसआयआरच्या 'इंडिजेन'ने हजारभर लोकांचे वाचले होते. थोडं आहे, पण आता रिपोर्ट लिहिताना हात कमी थरथरतो.

आणि एक विनंती, सगळ्यांनाच. एक्झोम केली असेल तर लॅबकडून मूळ डेटाच्या फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्या. ते देतात. एक-दोन वर्षांनी पुन्हा विश्लेषण करायला सांगा. रक्त पुन्हा द्यावं लागत नाही.

माणदेशी

शेवंतीताईंचा शेवटचा परिच्छेद वाचून राहवलं नाही.

माझ्या पुतणीच्या रिपोर्टमध्येही असंच 'अनिश्चित' आलं होतं, स्नायूंच्या आजाराच्या एका जनुकात. आमच्या गावात ते 'रक्तात दोष आहे' असं झालं. धाकट्या भावाची सुपारी फुटलेली होती. मुलीकडच्यांनी कुणाकडून तरी ऐकलं आणि नारळ परत पाठवला.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी तोच रिपोर्ट बघून सांगितलं की हा बदल आता निरुपद्रवी मानतात, आपल्याकडच्या कितीतरी धडधाकट लोकांत सापडलाय. पायरी बदलून वर्ष झालं होतं. ज्या लॅबने रिपोर्ट दिला त्यांनी कळवलं नाही. फोन केला तर म्हणाले, आमच्याकडे तशी पद्धत नाही. पद्धत नाही म्हणजे काय? पैसे घेताना फोन नंबर घेतला होता की.

पुतणीला नक्की काय झालंय ते अजून माहीत नाही. भावाचं लग्न पुढे दुसरीकडे झालं, सुखात आहे. पण आईने तो नारळ कितीतरी दिवस देवळीत तसाच ठेवला होता.

टोरांटोकर

कृष्णाकाठ ताई, दंडवत. मी इथे याच क्षेत्रात सॉफ्टवेअरचं काम करतो, म्हणून 'चालतं कसं' यावर लिहितो.

दुर्मिळ आजारात प्रत्येक डॉक्टरकडे एकच रुग्ण असतो. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही. दुसरा रुग्ण जगात कुठेतरी असतो, पण त्याच्या डॉक्टरला पहिल्याचा पत्ता नसतो. पूर्वी परिषदेत चहाच्या रांगेत गाठ पडली तरच जुळायचं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सने २०१३ मध्ये जीनमॅचर सुरू केलं. इथे टोरांटोत फिनोमसेंट्रल होतं, ब्रिटनमध्ये २००४ पासून डेसिफर. वह्या वेगवेगळ्या, म्हणून मग 'मॅचमेकर एक्सचेंज'ने त्या एकमेकींना जोडल्या. आपल्याकडच्या वधू-वर सूचक मंडळांनी आपापल्या याद्या जोडाव्यात तसंच, नावसुद्धा तेच आहे. फरक इतकाच की इथे यादी कुणालाही चाळता येत नाही. तुम्ही एक जनुक टाकता. दुसऱ्या कुणी तेच टाकलं असेल तरच दोघांना ईमेल जातं. जुळलं नाही तर तुमची नोंद कुणाला दिसत नाही. जीनमॅचरमध्ये डॉक्टरच नव्हे, कुटुंबालासुद्धा नोंद करता येते.

लक्षणांचं काय? 'रात्री उठून हसतो' हे मराठीत, तुर्कीत, डचमध्ये वेगवेगळं लिहिलं जाणार. त्यासाठी ह्युमन फिनोटाइप ऑन्टॉलॉजी नावाचा लक्षणकोश आहे, २००८ मध्ये बर्लिनहून सुरू झालेला. प्रत्येक लक्षणाला एक क्रमांक. डॉक्टर कुठल्याही भाषेत विचार करोत, संगणकात क्रमांक जातो. म्हणून तुमच्या काउन्सेलर ताईंनी झोपेबद्दल विचारलं ते किती मोलाचं होतं बघा. कोशात शब्द असून भागत नाही, कुणीतरी आईला विचारावं लागतं.

हे सगळं सांधायचे नियम २०१३ मध्ये स्थापन झालेली ग्लोबल अलायन्स फॉर जीनोमिक्स अँड हेल्थ ठरवते: फाइल कशी असावी, संमतीत काय लिहावं, परवानगी कशी तपासावी. रटाळ काम आहे. मी रोज तेच करतो आणि घरी कुणाला समजावून सांगता येत नाही. आज पहिल्यांदा वाटलं की बायकोला हा धागा वाचायला द्यावा.

आडवा_प्रश्न

सगळं छान आहे, बाळासाठी मनापासून आनंद झाला. पण मी विरोधी बाजू मांडणार, आणि ती मला खरोखर महत्त्वाची वाटते.

एकदा माहिती गेली की गेली. रक्तातली साखर बदलते, जनुकं बदलत नाहीत, आणि ती माझ्या एकट्याची नाहीत, माझ्या मुलांची आणि भावंडांचीही आहेत. २००९ मध्ये जनुकांच्या मोठ्या अभ्यासांतले ९६ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे होते, २०१६ मध्ये ८१ टक्के. आता सगळ्यांना 'वैविध्य' हवंय म्हणजे आमचं रक्त हवंय. त्यातून औषध निघेल तेव्हा ते आमच्या गावात येईल का? सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरची जनुक-संपादनाची उपचारपद्धती नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मंजूर केली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. रुपयांत करून बघा.

आणि 'नाव काढून टाकलं' यावर माझा विश्वास नाही. ग्लोबल अलायन्सचीच 'बीकन' नावाची सोय होती: हा बदल तुमच्याकडे आहे का, असं विचारायचं, उत्तर फक्त हो किंवा नाही. २०१५ मध्ये संशोधकांनीच दाखवून दिलं की एखाद्याचा जनुकसंच हाताशी असेल, तर असे हजारो प्रश्न विचारून तो माणूस त्या साठ्यात आहे की नाही ते ओळखता येतं. साठा जर एखाद्या आजाराच्या रुग्णांचा असेल तर संपलंच.

कृष्णाकाठ

@आडवा_प्रश्न, तुम्ही रागावून लिहिलेलं नाही हे कळतं, म्हणून मीही शांतपणे लिहिते. तुमची भीती मलाही होती. संमतीपत्राच्या दुसऱ्या पानावर तीन चौकोन होते. पहिला, जनुकाचं नाव आणि लक्षणं कळवायला हरकत नाही. दुसरा, पूर्ण एक्झोम संशोधकांना द्यायला हरकत नाही. तिसरा, बाळाचा फोटो द्यायला हरकत नाही. मी पहिल्यावर खूण केली, बाकीचे दोन कोरे ठेवले. ताई म्हणाल्या, चालेल. जुळल्यावर पुन्हा विचारलं, तेव्हा विचार करून दुसऱ्यावर केली. फोटोचा अजून कोराच आहे.

तेव्हा सगळं एकदम द्यायचं किंवा काहीच नाही, असं नसतं. एवढं मला आधी माहीत असतं तर चार रात्री झोप लागली असती.

निवृत्त_डॉक्टर

चाळीस वर्षं धुळे-नंदुरबार भागात वैद्यकी केली. आडवा_प्रश्न यांच्या शंका रास्त आहेत. आपल्याकडे परदेशी सहकार्याने आरोग्य-संशोधन करायचं तर आयसीएमआरमार्फत मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जावं लागतं, ते याच काळजीपोटी. विम्याबाबतही सांगतो: 'जनुकीय आजार' एवढं सरसकट कारण देऊन दावा नाकारता येणार नाही असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे.

पण देवाणघेवाण नसली की काय होतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. १९९० च्या दशकातली गोष्ट. एकोणीस वर्षांचा पावरा या आदिवासी समाजातला मुलगा, फिट्स येत होत्या. मी कार्बामाझेपिन सुरू केलं, तेव्हा ते सगळेच द्यायचे. पंधरा दिवसांनी बापाने त्याला पाठीवर घालून आणलं. ओठ सोललेले, डोळे चिकटलेले, पाठीची कातडी चादरीला लागून येत होती. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, औषधामुळे कातडी सुटून येणारा आजार. आम्ही शर्थ केली. तो वाचला नाही. मी ते नशीब समजलो, कारण पुस्तकात तेवढंच होतं, 'क्वचित होते'.

२००४ मध्ये तैवानच्या डॉक्टरांनी दाखवलं की त्यांच्याकडे या औषधाने असं झालेल्या ४४ च्या ४४ रुग्णांत एचएलए-बी*१५:०२ हा जनुकप्रकार होता. २००७ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तैवानच्या या पुराव्यावरून इशारा काढला: आशियाई वंशाच्या रुग्णाला देण्याआधी तपासा. २०११ मध्ये तैवाननेच ४,८७७ जणांची आधी तपासणी केली, ७.७ टक्के लोकांत तो प्रकार निघाला, त्यांना दुसरं औषध दिलं. एकालाही तो त्रास झाला नाही. एरवी दहाएक जणांना व्हायला हवा होता. आपल्याकडे २००९ मध्ये छोटा अभ्यास झाला, ८ पैकी ६ रुग्णांत तोच प्रकार.

हे वाचल्यावर मी या प्रकाराचं प्रमाण कुठे किती आहे ते शोधत बसलो. मुंबईच्या मराठा नमुन्यात दोन टक्क्यांच्या आसपास. खानदेशातल्या पावरा समाजात सुमारे सहा.

पावरा. कुणीतरी कधीकाळी तिथे जाऊन रक्त घेतलं होतं, आकडा परदेशी तक्त्यात छापून आला होता, आणि तिथेच दवाखाना चालवणाऱ्या मला तो ठाऊक नव्हता.

थायलंडमध्ये बँकॉकच्या रामाथिबोदी रुग्णालयात रुग्णाला खिशात ठेवायचं कार्ड देतात, कोणत्या औषधाचा धोका आहे ते लिहिलेलं. जानेवारी २०१४ मध्ये वॉशिंग्टनला देशोदेशीचे लोक जनुकाधारित उपचार दवाखान्यात आणायला एकत्र बसले, त्यातून जी आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली तिच्या चर्चेत थायलंडचं हे काम आवर्जून घेतलं गेलं. मला ते कार्ड तोरणमाळच्या आरोग्य केंद्रात बघायचं आहे. माहिती बाहेर जाऊ देऊ नका म्हणणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच, ती गेलीच आहे. परत आणायला लागा.

वाटाड्या

डॉक्टर, __/\__. दुसरं काही सुचत नाही.

नांदेडकर

वाचून आमच्या घरातली गोष्ट आठवली. आम्ही आर्य वैश्य. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, चाळीस मिनिटांचं म्हणून सांगितलेलं. संपलं, पण आई श्वासच घेईना. पाच-सहा तास कृत्रिम श्वासावर ठेवली. भूलतज्ज्ञ बाहेर येऊन म्हणाले, "तुमच्यात आधी कुणाला असं झालंय का?" मावशीला झालं होतं!

आमच्या समाजात काही जणांत सक्सिनिलकोलिन हे स्नायू सैल करणारं औषध विरघळवणारं द्रव्यच शरीरात नसतं. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी मिळून दक्षिण आशियातल्या २६३ समाजगटांचा अभ्यास छापला. त्यातले ८१ गट असे, की मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याच्या खुणा त्यांच्यात अश्कनाझी (युरोपातल्या) ज्यूंपेक्षा आणि फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक. अशा गटांत एखादा आनुवंशिक दोष पुन्हा पुन्हा दिसतो. उदाहरण म्हणून आमचाच समाज घेतलाय. ज्यूंनी १९७० च्या दशकापासून टे-सॅक्स या लहान मुलांच्या जीवघेण्या आनुवंशिक आजारासाठी वाहक तपासणी केली, आणि त्या समाजात तो आजार आता जवळजवळ दिसत नाही.

मी आमच्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात हा विषय मांडला. आधी कुजबुज झाली, 'आपल्यात दोष आहे' असं वाटलं लोकांना. मग एक आजोबा उठून म्हणाले, दोष नाही, फक्त डॉक्टरला आधी सांगायची गोष्ट आहे. आता आमच्या पत्त्यांच्या डायरीत रक्तगटाच्या रकान्याशेजारी 'भुलीचा त्रास: हो / नाही' असा रकाना आहे.

सातपुडा_मास्तरीण

गडचिरोलीत आश्रमशाळेत शिकवते (मूळची अक्कलकुव्याची, म्हणून हे नाव). आडवा_प्रश्न यांनी सिकलसेलचा उल्लेख केला म्हणून.

माझ्या वर्गात दोन मुली आहेत. पावसाळा सुरू झाला की सांधे धरतात. रात्री वसतिगृहात गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून देतो. त्यांना २२ लाख डॉलरचं काही नको आहे. त्यांना त्रास कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या दर महिन्याला न चुकता हव्यात, आणि दुखायला लागल्यावर दवाखान्यात 'नाटक करते' असं कुणी म्हणू नये.

तरीही एक सांगते. त्या महागड्या उपचाराची कल्पना जिथून आली ते मी एका शिबिरात ऐकलं. काही लोकांत गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतरही बनत राहतं आणि त्यांचा सिकलसेल सौम्य राहतो. भारतात आणि अरबस्तानात असे रुग्ण पुष्कळ. ते बंद करणारी कळ म्हणजे बीसीएल११ए हे जनुक, आणि त्याचा माग २००८ च्या सुमारास इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या लोकांच्या रक्तातून लागला. सार्डिनियाच्या शेतकऱ्याने रक्त दिलं, म्हणून आज माझ्या मुलींसाठी निदान दार कुठे आहे ते माहीत आहे. दार उघडत नाही, हे खरंच आहे. त्यासाठी भांडूच. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, ७ कोटी लोकांची तपासणी करायची म्हणतात. आमच्या शाळेत सगळ्यांची झाली. पुढचं समुपदेशन गोंडीत, माडियात कोण करणार, ते मात्र अजून आम्हीच करतो.

आडवा_प्रश्न

डॉक्टरांचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'परत आणायला लागा' हे पटलं. माझी किमतीबद्दलची तक्रार कायम आहे, संमतीबद्दलची थोडी कमी झाली. ते तीन चौकोन सगळीकडे असतात का, हे शेवंतीताईंनी सांगावं.

शेवंती

@आडवा_प्रश्न, सगळीकडे नसतात. काही ठिकाणी एकच सही असते आणि सगळं त्यातच. तेव्हा सही करायच्या आधी विचारा: काय जाणार, कुणाकडे, मला परत कळवणार का, आणि मी नंतर नाही म्हटलं तर काय. चारही उत्तरं लेखी मागा. @माणदेशी, पुतणीच्या फाइल असतील तर पुन्हा विश्लेषण करून घेऊ, व्यनि (खाजगी निरोप) केला आहे.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. माणदेशी दादा, नारळाचं वाचून फार वाईट वाटलं.

थोडं पुढचं सांगते. नेदरलँड्समधल्या मुलाच्या आईशी डॉक्टरांच्या मार्फत ओळख झाली. ती लिहिते ते मी फोनवर मराठी करून वाचते, माझं तिला डचमध्ये जातं. तिने विचारलं, तुझा मुलगा पाण्याचा आवाज आला की काय करतो? मी मोटार सुरू झाल्यावर हौदाशी टाळ्या वाजवणाऱ्या बाळाचा व्हिडिओ पाठवला. तिच्याकडून आला तो त्यांच्या मुलाचा, नळाखाली टाळ्या वाजवणारा. आत्याने दोन्ही बघितले. पाकिस्तानातल्या भावंडांच्या घरच्यांशी थेट बोलणं झालेलं नाही, पण डॉक्टरांनी सांगितलं की त्यांचे आई-वडीलही आते-मामे भावंडंच आहेत. आत्याने विचारलं, "त्यांच्या आजीला कुणी सांगितलंय का, की तिचं चुकलं नाही?"

मला आता तिसरा महिना लागलाय. पुढच्या आठवड्यात पुण्याला नोंदणीकृत केंद्रात वारेची तपासणी आहे. त्याआधी उद्या धाकट्या नणंदेचं रक्त द्यायचंय, तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे आणि तिलाच जाणून घ्यायचंय. पहाटे सहाची एसटी आहे. आत्या म्हणते, मीही येते, माझंही घ्या म्हणावं.